हौसाकाकूंच्या हातचे सहा जोड

धोंडीतात्या आमच्याकडे आले की आधी माणसांकडे नाही, भिंतीवरच्या प्लगकडे बघतात. आम्ही "या, बसा" म्हणतो आणि ते प्लगला विचारतात, "काय म्हंतोस आज?" मग सदऱ्याच्या खिशातून मीटर निघतो, कानावरची पेन्सिल हातात येते आणि आमच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात २१८ हा आकडा पडतो. व्होल्टेज लिहून झालं की मग तात्या खुर्चीत टेकतात आणि आमची तब्येत विचारतात.

तात्या कोयनानगरला वीजघरात वायरमन होते. रिटायर झाल्यावर मेढ्याला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. इस्त्री, गिझर, मिक्सर, दिसेल त्याचे व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे आणि तिथंच गणित मांडायचं. "आदी भागाकार, मग गुनाकार," हे त्यांचं पालुपद. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रेजिस्टन्स, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे वस्तू किती वीज ओढते ते. मी शाळेत मराठी शिकवते, गणिताशी माझं दहावीतच फाटलं. तरी एवढं मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, कारण तात्यांनी ते माझ्याकडून घोटून घेतलंय.

माझ्या नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि तात्या मांडवातल्या हॅलोजनपाशी उभे होते. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात मीटर. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, तात्यांच्या तशाच राहिल्या, ओठ मात्र हलत होते. भटजींना वाटलं, म्हातारा मंत्र म्हणतोय. पुढं नवरदेव पाया पडायला आला तेव्हा त्याला आशीर्वाद मिळाला, "औक्षवंत व्हा. डाव्या अंगाच्या दिव्याची वायर लय बारीक हाय, तेवढी बदलून घ्या."

या गणिताला जुमानत नसत त्या एकट्या हौसाकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी. घरात गॅस होता, पण चहा व्हायचा तो कोयनेच्या कॉलनीतून आणलेल्या कॉईलच्या शेगडीवर. कॉईल जुनी झाली की मध्येच तुटते. नवी आणून घालायची हा तात्यांचा नियम. गावात कुणी तुटलेल्या कॉईलला जोड दिला तर ते त्याला चारचौघांत झापायचे. आणि घरात काकू पिन काढून, चमच्याच्या दांड्यानं दोन्ही टोकं उचकटून, एकमेकांत अडकवून पीळ देऊन मोकळ्या व्हायच्या. मग भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

"हौसे, जोड दिलास की कॉईल आखूड. आखूड झाली की रेजिस्टन्स कमी. रेजिस्टन्स कमी की करंट जादा. जळंल की ती लवकर!"

"आवं, पर चा बी लवकर हुतोय न्हवं?"

यावर तात्यांकडे गणित नव्हतं. ते मुकाट चहा प्यायचे.

रागाने म्हणा, सवयीने म्हणा, प्रत्येक जोडानंतर त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आकडे मात्र लिहून ठेवले. सगळ्यात वर कोऱ्या कॉईलचे: २२० व्होल्ट, ४ अँपिअर, रेजिस्टन्स ५५, वॅट ८८०. सगळ्यात खाली सहाव्या जोडाचे: २२०, ५, ४४, ११००.

सहावा जोड शेवटचा ठरला. गेल्या वर्षी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. मला काही सुचेना, तेव्हा मी साताऱ्याहून त्या शेगडीला नवी कॉईल आणली. तात्यांनी मोजली, "झ्याक हाय" म्हणाले आणि फळीवर ठेवून दिली. "ऱ्हाऊ द्या, बाई. हिच्यातलं जोड तिच्या हातचं हायत." एवढंच म्हणाले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

परवा सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, वाईच या."

शेगडी पुढ्यात घेऊन तात्या बसले होते. कॉईल तुटली होती, आणि तुटली तिथं बोटभर जळून काळी पडली होती. एका बाजूला माझी नवी कॉईल, दुसऱ्या बाजूला चमचा.

"जळका तुकडा काडून जोड दिला तर आनखी तापंल, जास्त दिस टिकायची न्हाई. न्हाई दिला तर आजच संपली," तात्या म्हणाले.

"किती दिवस टिकेल?"

"त्ये गनितात बसत न्हाई."

तात्यांनी चमचा उचलला. ज्यांनी वीजघरात जन्म काढला ते हात त्या दोन टोकांशी कितीतरी वेळ चाचपडत राहिले. शेवटी काकू द्यायच्या तसाच पीळ बसला. पिन लावली, कॉईल लाल झाली. तात्यांनी मीटर धरला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. त्यांना आकडे दिसत नव्हते, डोळे भरले होते.

"दोनशे वीस," मी वाचलं, "साडेपाच." आधी भागाकार केला, चाळीस. मग गुणाकार, बाराशे दहा. काकूंच्या सहाव्या जोडाखाली मी सातवी ओळ लिहिली.

चहाला बघता बघता उकळी आली. तात्या शेगडीकडे बघत सवयीनं बोलून गेले, "रेजिस्टन्स कमी झाला, हौसे." आणि थांबले. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडून ते उत्तर ऐकत आले होते. त्या क्षणी ते न येणं मला सहन होईना.

"आवं," मी म्हटलं, "पर चा बी लवकर हुतोय न्हवं?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, उपरण्यानं डोळे पुसले.

"व्हय," म्हणाले, आणि मुकाट चहा प्यायले.