बटरला रीतसर सूचना

वर्लन टॅकेटला कायदा पाठ होता. सबंध कायदा नव्हे, अंगावर कुत्रा धावून आला तर काय करायचं, तेवढाच. पण तेवढा असा पाठ होता की ड्राय फोर्क गावात त्याच्यासमोर बसून कोणाला सुखाने कॉफी पिण्याची सोय उरली नव्हती. चर्चच्या हॉलमध्ये पिस्तूल बाळगण्याचा वर्ग करून आल्यापासून हा गडी कमरेला पिस्तूल आणि जिभेवर कलमं लावूनच हिंडत होता.

"कुत्रा आला की आधी काय?" पेट्रोल पंपावर दिसेल त्याला तो अडवायचा. "आधी पिस्तूल नाही! आधी सूचना! मोठ्याने! मग माघार. मग पुन्हा सूचना. आणि अगदी जिवावरच बेतलं, तर हत्यार! तेही सरकारी रस्त्यावर उभं राहून, कुत्र्याच्या अंगणात नाही!"

"आणि कुत्र्याला हा कायदा ठाऊक नसला तर?" पंपावरची मंडळी विचारायची.

"मला ठाऊक आहे ना! बास झालं!"

हा सगळा अभ्यास ज्याच्यासाठी चालला होता त्याचं नाव बटर. हा बटर म्हणजे वासराएवढा, पिवळट रंगाचा, भल्यामोठ्या जबड्याचा कुत्रा. गावातल्या यच्चयावत माणसांचे हात तो चाटायचा, पण वर्लन दिसला की त्याच्या अंगात यायचं. मागच्या जन्मीचं काय वैर होतं देव जाणे! एकदा तर त्याने वर्लनची पोटरी तोंडात धरली होती आणि पँट फाडूनच सोडली होती.

"काही करत नाही तो!" बटरचा मालक कॉय लेडबेटर तेव्हा म्हणाला होता. कुत्रं पाळणाऱ्या माणसांना हे एवढं एकच वाक्य येतं.

दुसरा कोणी असता तर वर्लनने त्याला कोर्टात खेचलं असतं. पण कॉय हा त्याचा होणारा व्याही होता! वर्लनच्या मार्लीनचं लग्न कॉयच्या मुलाशी ठरलेलं, येत्या शनिवारी, कॉयच्याच पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या झाडांच्या, बागेत. आणि कॉय म्हणजे हट्टाचा मेरुमणी. एका होडीवरून बिनसलं तेव्हापासून सख्ख्या भावाशी त्याने अबोला धरला होता. बायको व्हर्ना वारल्यापासून घरात तो आणि बटर, दोघंच. बटर बायकोच्या उशीवर झोपायचा आणि कॉय त्याला पांघरूण घालायचा.

म्हणून नेल्डाने, वर्लनच्या बायकोने, नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "हे बघ, लग्न लागेपर्यंत त्या कुत्र्याच्या वाटेला जायचं नाही. त्याच्या केसाला जरी धक्का लागला ना, तर कॉय लग्न मोडेल. मग पोरीला तोंड तू दाखव!"

"मी कायद्याने चालणारा माणूस आहे," वर्लन म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय!"

बुधवारी सकाळी वर्लन पायी कॉयच्या घराकडे निघाला. लग्नाच्या जेवणाचं मांस भाजायची भट्टी बागेत कुठे मांडायची ते बघायचं होतं. कॉयचं फाटक अजून दूर होतं तोच समोरून बटर आला. रस्त्याच्या मधोमध, मान खाली, दात बाहेर.

वर्लनने आधी पायाखाली बघितलं. डांबर होतं. सरकारी रस्ता! कायदा आपल्या बाजूने!

"बटर लेडबेटर!" तो ओरडला. "मी तुला पहिली सूचना देतोय! मी सार्वजनिक रस्त्यावर उभा आहे! मला तुझ्यापासून धोका वाटतो!"

साक्षीला कुंपणापलीकडे एक गाय होती. तिने मान वर करून सगळं ऐकून घेतलं.

बटर गुरगुरला. वर्लनने नियमाप्रमाणे माघार घ्यायला सुरुवात केली, एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे. "बटर! ही दुसरी सूचना! मी माघार घेतो आहे, हे लक्षात घे!"

बटरने लक्षात घेतलं आणि धूम ठोकली ती सरळ वर्लनच्या दिशेने! तिसरं पाऊल मागे टाकायला वर्लनला रस्ता उरलाच नव्हता. तो उताणा पडला तो कडेच्या चरात. वर पाय, खाली चिखल आणि मधे पिस्तूल. त्याने ते उपसलं, दोन्ही हातांनी पुढे धरलं, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

धडाम!

कान बधिर झाले. वर्लनने एक डोळा उघडला, मग दुसरा. रस्त्यावर कोणी नव्हतं. बटर नाही, बटरचं शेपूट नाही. गायसुद्धा पळालेली.

मारला! व्याह्याचा कुत्रा मारला! बटर पलीकडच्या गवतात जाऊन पडला असणार. पण जाऊन बघायची सोय नव्हती, कारण वर्गातल्या सरांनी बजावलं होतं, प्रसंग घडल्यावर जागा सोडायची नाही, पुराव्याला हात लावायचा नाही, पोलिसांना पहिला फोन आपण करायचा, आणि मग वकील येईपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट! बायकोलासुद्धा काही सांगायचं नाही!

त्याने पिस्तूल न बघता परत कमरेला खोचलं आणि पोलिसांना फोन लावला. फोन लागला तो तालुक्याच्या गावी.

"माझ्यावर हल्ला झालाय," वर्लन म्हणाला. "जीव वाचवण्यासाठी मला हत्यार चालवावं लागलं."

"हल्लेखोराचं नाव?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"बटर लेडबेटर."

"वय?"

"चार वर्षं."

मग बाई हळूच म्हणाल्या, "चार वर्षांच्या... लेकरावर तुम्ही..."

"यापुढे मी वकिलाशिवाय बोलणार नाही," असं म्हणून वर्लनने फोन ठेवला. आपलं सगळं कसं नियमात चाललंय याचं त्याला त्याही स्थितीत बरं वाटलं.

मग काय विचारता! तालुक्याहून रुग्णवाहिका सुटली, आणि ड्राय फोर्कची पोलीस रेनीटा भोंगा वाजवत गाडी घेऊन धावत आली. रेनीटा गावचीच मुलगी, तिला बटर कोण ते ठाऊक होतं, म्हणून तिचा जीव भांड्यात पडलेला. पण समोर बघते तर वर्लन चरात उभा, दोन्ही हात वर, डोक्यापासून पायापर्यंत चिखल!

"वर्लनकाका! काय झालं? लागलंय का कुठे?"

"मॅडम, मी सहकार्य करीन. पण आधी वकील."

"मॅडम काय! अहो काका, मी रेनीटा! तुम्ही मला तळ्यात पोहायला शिकवलंय!"

"आधी वकील, मॅडम."

रेनीटाने कपाळावर हात मारला. "बरं, पिस्तूल मला बघू द्या."

"वकील आल्यावर! पुराव्याला हात लावायचा नाही!"

तेवढ्यात हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन फाटकाकडून कॉय आला. "बटरला पाहिलंत का कोणी? मघापासून दिसत नाहीये तो..." आणि तो थबकला. भोंगेवाली गाडी, हात वर केलेला वर्लन, त्याच्या कमरेचं पिस्तूल! "वर्लन? माझा बटर कुठाय?"

वर्लनने ओठ घट्ट मिटले.

"अरे बोल ना! दिसला का तुला?"

"मला वकिलाशी बोलायचंय," वर्लन आभाळाकडे बघत म्हणाला.

साधं 'नाही दिसला' म्हटलं असतं तरी चाललं असतं! पण कुत्रा कुठे विचारल्यावर जो माणूस वकील मागतो त्याच्याबद्दल कोणी काय समजायचं? कॉयचं तोंड पांढरंफटक पडलं. रुग्णवाहिकाही येऊन ठेपली आणि तिचा चालक खाली उतरून ओरडला, "लेकरू कुठाय? किती गोळ्या लागल्यात?"

झालं! कॉयच्या हातातला पट्टा गळून पडला. तो चिडेल, ओरडेल, गळा धरेल, असं वर्लनला वाटत होतं. सरांनी त्यावरचा उपायही शिकवला होता. पण कॉयने डोक्यावरची टोपी काढली आणि मटकन रस्त्याच्या कडेला बसला.

"मला भांडायचं नाही, वर्लन," तो म्हणाला. "निदान कुठे पडलाय तेवढं सांग. आमच्या व्हर्नाच्या शेजारी पुरतो त्याला. उन्हात नको पडून राहायला."

यावर कुठल्याही वर्गात काही शिकवत नाहीत. वर्लनचं सगळं अवसान गळालं. चरातून रांगत रांगत तो वर आला आणि चिखलासकट कॉयच्या शेजारी जाऊन बसला.

"मी मारला रे! मीच मारला! डोळे मिटून मारला!"

"काका, गप्प बसा!" रेनीटा कळवळून ओरडली. "पोलिसांसमोर असं बोलायचं नसतं! वकील येऊ द्या!"

"खड्ड्यात गेला वकील! कॉय, मला काय हवी ती शिक्षा कर. पण पोरीचं लग्न मोडू नको रे! तिचा काय गुन्हा? हवं तर मी लग्नाला येत नाही. मला व्याही म्हणू नकोस, पण तिला सून म्हण!" आणि वर्लन हमसाहमशी रडायला लागला. चांगला सहा फुटी बाप्या, पण लहान मुलासारखा रडत होता.

कॉयने पडलेला पट्टा उचलून गुंडाळला. मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "शनिवारी..."

आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. नेल्डाची गाडी! आणि नेल्डाच्या शेजारच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून, जीभ लोंबकळवत वारा खात बसला होता साक्षात बटर!

"कॉय!" नेल्डा उतरता उतरता म्हणाली. "हा बघ तुझा वाघ! मघाशी थरथरत आला आणि माझ्या स्वयंपाकघरात टेबलाखाली घुसला. निघायलाच तयार नव्हता, शेवटी हाताने खाऊ घालून आणलाय. कशाला घाबरला एवढा?"

कॉयने बटरला मिठी मारली ती सोडेचना. बटरने कॉयचे डोळे चाटले आणि तेवढ्यातही वर्लनकडे बघून गुरगुरायला विसरला नाही.

"म्हणजे माझा नेम चुकला?" वर्लन नाक पुसत म्हणाला. "आवाज तर केवढा झाला!"

"आवाज?" कॉयने मान वर केली. "धडामकन? सकाळी? अरे गाढवा, तो माझा! लग्नाच्या टेबलांवर कावळे घाण करतील म्हणून त्यांना हुसकायची गॅसची तोफ आणलीय. एकदा वाजवून बघितली, तिलाच भिऊन हा बटर पळाला असणार!"

"पण मी चाप ओढला होता!" वर्लन इरेला पेटला. "पिस्तुलाचा धक्काही बसला! बघ ना, रेनीटा, एक गोळी कमी असणार!"

रेनीटाने पिस्तूल काढून घेतलं, उघडलं, आत बोट घालून बघितलं, मग उजेडात धरून बघितलं.

"काका, एक कमी नाहीये."

"बघा! म्हणजे सगळ्या आहेत?"

"एकही नाहीये."

सगळ्यांनी वर्लनकडे बघितलं आणि वर्लनने नेल्डाकडे.

"माझ्याकडे काय बघतोस? मीच काढल्या," नेल्डा म्हणाली. "वर्गाहून आलास त्याच रात्री. स्वतःच्या पायावर झाडून घेशील म्हणून!"

"त्या रात्रीपासून? आणि मी रिकामं पिस्तूल कमरेला लावून सबंध गावात..."

रुग्णवाहिकेचा चालक तोंड फिरवून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते. कॉयला मात्र हसू आवरेना. बटरला कवटाळून तो रस्त्यावर पाय पसरून हसत होता आणि मधूनच डोळे पुसत होता.

"शनिवारी," त्याला शेवटी बोलता आलं, "लवकर ये, वर्लन. भट्टी पहाटेच पेटवावी लागेल."

"पण गोळ्या कुठायत?" वर्लनने नेल्डाला विचारलं. "घरातली सगळी कपाटं मला ठाऊक आहेत!"

"सिंकखाली. भांडी घासायच्या साबणामागे. म्हटलं, तिथे काही तुझा हात पोचायचा नाही!"

लग्न झोकात झालं. मार्लीनला आता एक मुलगा आहे, तो बटरच्या पाठीवर बसून फिरतो. वर्लन अजूनही रोज कमरेला पिस्तूल लावूनच बाहेर पडतो आणि पंपावर कलमं सांगतो. गोळ्या साबणामागेच आहेत.