लांजेवार सरांच्या नवशिक्या

लांजेवार सर समोर आले की मी आधी पाय रोवून नीट उभी राहते आणि मगच नमस्कार करते. वरठीत त्यांना ओळखणारा प्रत्येक माणूस असंच करतो. कारण नमस्काराला उत्तर म्हणून सर उजव्या हाताचं एक बोट पुढे करतात, समोरच्याच्या खांद्याला टेकवतात आणि हलकेच ढकलतात. माणूस हलला नाही, तर म्हणतात, "शाबास, उभं राहता येते." हलला, तर त्याची खैर नाही. मग रेशनचं दुकान असो की स्टेशनवरची तिकिटाची रांग, सर खाली वाकून त्याचे पाय धरतात आणि जिथे असायला हवेत तिथे नेऊन ठेवतात.

"एक पाय पुढं, एक मागं. घुडघे ढिल्ले. आता ढकलतो. पाहा, पडले का? नाही पडले!"

माझ्या नणंदेच्या, म्हणजे छायाच्या, पुतण्याच्या लग्नात सर आहेर द्यायला स्टेजवर चढले. डोक्यावर फेटा, गळ्यात हार, हातात नारळ अशा अवस्थेत नवरदेव उभा होता. सरांनी सवयीनं बोट टेकवलं आणि नवरदेव नारळासकट सोफ्यावर बसला. फोटोग्राफरनं तोही फोटो काढला. मुलीकडची मंडळी पुढे सरसावली, तोवर सरांनी बोट नवरीच्या खांद्याला लावलं होतं. ती तसूभरही हलली नाही.

"हे उभी आहे ना," सर सगळ्यांना समजावत म्हणाले, "मंग काही टेन्शन नाही. संसार चालते."

पूर्ण नाव यादोराव लांजेवार. वय साठीच्या आसपास. अंगानं काटक, पोट अजिबात नाही, गळ्यात कायम एक शिट्टी. ती त्यांनी वाजवलेली कोणी ऐकली नाही. "तोंडात शिट्टी असली तं श्वास कोण घेईन?" असं ते विचारतात. मग गळ्यात कशाला, तर म्हणे शिट्टी दिसली की लोक रांगेत उभे राहतात. कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि नोकरीत होते तेव्हापासूनच एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात किकबॉक्सिंग शिकवतात. मिल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कोपऱ्याकोपऱ्यात अजून धानाचा कोंडा सापडतो. ठोसे मारायची बॅग म्हणजे बारदाना. त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि जुने कपडे ठासून भरलेले. नेम धरून मारलं की बॅगेतून शेतावरचा वास येतो.

मी तिथे कशी पोहोचले, तेही सांगते. मी भंडाऱ्याला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. वरठीहून स्कूटीनं जाणं-येणं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोटरसायकलवरच्या दोघांनी मागून येऊन माझी पर्स ओढली. पर्स गेली त्याचं एवढं नाही, पण पट्टा खांद्यात अडकल्यामुळे तिच्याबरोबर मीही थोडं अंतर गेले. मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण मागून गाडीचा आवाज आला की मी जिथे असेन तिथे डोळे गच्च मिटायला लागले. चालत्या स्कूटीवर डोळे मिटणं बरं नव्हे हे मलाही कळत होतं. म्हणून स्कूटी अंगणात कपडा टाकून ठेवून दिली आणि ह्यांच्या मागे बसून ऑफिसला जायला लागले. तिथेही डोळे मिटलेलेच. आमची मृणाल तेव्हा सातवीत होती. तिला शाळेत सोडायलाही मी जात नसे.

एक दिवस छाया आली आणि म्हणाली, "वैनी, चाल माझ्यासंग."

"कायले? ह्या वयात मी कोणाले लाता मारू?"

"लाता मारू नको. निस्ती उभी राह्य. तुझा उतरलेला चेहरा पाहून पाहून कंटाळलो आम्ही."

पहिल्या दिवशी सरांनी बोट पुढे केलं. ते खांद्याला टेकायच्या आधीच मी डोळे मिटले आणि तणसाच्या बॅगेवर जाऊन पडले. पोरी हसल्या. सर हसले नाहीत. मला उठवलं, मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "डागदरले विचारलं का, असं कराले चालते म्हून?"

"नाही."

"आधी विचारून या. तोवर तुमी निस्त्या बसून पाहा."

एक सांगायला हवं. गोदामात एक निळी चटई अंथरलेली असते. तिच्या बाहेर सर सगळ्यांना ताई, मॅडम, तुमी असं अदबीनं बोलतात. चटईवर पाय ठेवला की सगळ्या 'तू'. शिकवताना एकदा त्यांनी आमच्या बँकेच्या मॅनेजर मॅडमना, "तू काहून झोपून राहिली?" असं विचारलं आणि त्या पाणी प्यायला चटईबाहेर गेल्या तेव्हा, "मॅडम, पानी हळूहळू प्या," असंही सांगितलं.

डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मी चटईवर 'तू' झाले.

आमच्यातल्या निम्म्याजणी कोणाच्या तरी तोंडावर लात मारायच्या इराद्यानं आलेल्या. पहिला महिनाभर सरांनी कोणाला पाय उचलूच दिला नाही. नुसतं उभं राहणं, पुढे सरकणं, मागे सरकणं. "हात वर, हनुवटी खाली, श्वास चालू!" हे वाक्य ते इतक्यांदा म्हणतात, की एकदा ऑफिसात साहेब माझ्यावर ओरडत असताना माझे दोन्ही हात आपोआप गालापर्यंत आले. पुढे लात आली तीही गुडघ्यापर्यंतच. "वर नोको नेऊ. मांडी धरली तं आठ दिवस जिने चढता येत नाही. अन् घरी मलेच शिव्या बसतात."

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण म्हणजे श्वास कोंडणं. ठोसा मारताना आम्ही सगळ्याजणी श्वास धरून लालबुंद व्हायचो. त्यावर सरांनी उपाय काढला तो असा: "बाजारातून काय आणलं, ते सांगत सांगत मार. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही." झालं. संध्याकाळी गोदामाजवळून जाणाऱ्याला आतून "वांगे! मिरच्या! सांबार! लसूण!" असं ऐकू यायचं. (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) एका भाजीवाल्यानं तर गाडी आत आणली.

बाकीचे नियम फुटकळ, पण कडक. नखं कापलेली हवीत. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या रोज धुवायच्या. महागाचे ग्लोव्हज लगेच घ्यायचे नाहीत, आधी टिकून दाखवायचं. सांधा दुखला की थांबायचं, शौर्य दाखवायचं नाही. मध्ये एक दिवस आराम, आणि त्या दिवशी कोणी चोरून आलंच तर सर तिला कोंडा झाडायला लावतात. एका पोरीनं शक्तीच्या पावडरचा डबा आणला होता. सरांनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "हे कोणतं जनावर खाते?" मग आम्हाला म्हणाले, "अंडं खा. नाही तं चने खा. अन् भाताले भेऊ नोका. या जिल्ह्यात सारे भातावरच उभे आहेत."

आणि सगळ्यात पहिला डाव कोणता, तर पळणं. "मारणारा आला का ओरड अन् पळ. पळता आलं नाही, तवाच बाकीचं." त्या ओरडण्याचा सराव आम्ही इतका मनापासून केला, की शेजारच्या कोणीतरी पोलिसांना फोन लावला. एक हवालदार धापा टाकत आला. सरांनी नमस्कार घेतला आणि बोट पुढे केलं. पुढच्या आठवड्यापासून त्या हवालदाराची बायको आमच्यात यायला लागली.

माझं मात्र अडलं होतं. पाय जमले, श्वास जमला, पण समोरून हात आला की डोळे बंद. छायाचा हात आला तरी बंद. मी एक दिवस चिडून चटईच्या बाहेर जाऊन बसले.

"सर, मले नाही जमत. मी उद्यापासून नाही येत."

 सर सायकल काढून कुठेतरी गेले. परत आले ते वाढदिवसाला लावतात तसे फुगे घेऊन. एक फुगवला, दोरा बांधला आणि माझ्यासमोर हवेत सोडला.

"ह्याले खाली पडू देऊ नोका. ठोशानं वर ठेवा."

बेचाळिशीची बाई, सरकारी नोकर, गुलाबी फुग्यामागे गोदामभर धावत होती. फुगा तोंडावर आला की आपोआप डोळे मिटायचे, मग उघडून पाहावं तर तो खाली गेलेला. पण फुग्याला कोण भिणार! दुसऱ्या दिवशी फुगा, तिसऱ्या दिवशी फुगा. मग सरांनी फुग्याऐवजी दुपट्ट्याचा बोळा केला, तो हळूच फेकायला लागले. मग स्वतःचा उघडा तळहात, अगदी सावकाश, लहान मुलाच्या तोंडाजवळ घास न्यावा तसा. घाई त्यांनी एकदाही केली नाही. किती आठवडे गेले मी मोजलं नाही. एका संध्याकाळी सरांचा हात माझ्या कपाळाला टेकला आणि मला त्यांच्या अंगठ्यावरचा चुन्याचा डाग दिसला. म्हणजे माझे डोळे उघडे होते. मी तिथेच चटईवर बसून रडले. सर म्हणाले, "रड, पण नाकानं श्वास घे."

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या स्कूटीवरचा कपडा काढला आणि मृणालला मागे बसवून गोदामावर गेले. मला सरांचे आभार मानायचे होते. दोन-तीन वाक्यं तयारही केली होती. सरांनी स्कूटीभोवती फेरी मारली, चाकं दाबून पाहिली आणि म्हणाले, "हवा कमी आहे मागच्या चाकात. पंपावरून भरून या आधी." माझी वाक्यं तशीच राहिली.

या हिवाळ्यात भंडाऱ्याला नवशिक्यांचे सामने झाले. सरांनी माझं नाव दिलं आणि मला नंतर सांगितलं. वजन जुळलं म्हणून माझ्यासमोर तुमसरची एक कॉलेजातली मुलगी आली, माझ्यापेक्षा निम्म्या वयाची. हे, मृणाल, छाया, सगळे बघायला आलेले. घंटा वाजली आणि त्या पोरीनं पहिलाच ठोसा माझ्या नाकावर दिला. डोळ्यांतून पाणी आलं, पण डोळे उघडेच राहिले. कोपऱ्यातून सर ओरडले, "श्वास!" आणि मी घाबरून मोठ्यानं म्हणायला लागले, "वांगे! मिरच्या!" पंचांनी सामना थांबवून मला विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?"

मी हरले. गुणांवर हरले. पण खाली उतरले तेव्हा मृणालनं मला अशी मिठी मारली, की मीच जिंकले असं त्या तुमसरच्या मुलीला वाटलं असेल. आमचे हे कधी आवाज चढवून बोलत नाहीत, त्यांचा ओरडून ओरडून घसा बसला होता.

परत निघताना हे मृणालला घेऊन मोटरसायकलनं पुढे गेले, छाया बाजारात थांबली. ग्लोव्हजच्या दोन मोठ्या पिशव्या होत्या, म्हणून मी सरांसोबत एसटीनं निघाले. खिडकीशी सर, शेजारी मी, दोघांच्या मांडीवर एकेक पिशवी. नाक ठणकत होतं आणि मी खूप आनंदात होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सर, तुमची पयली फाइट कुठं झाली होती?"

सर पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "झाली नाही."

"म्हंजे?"

"नागपूरले होतो मी. हॉटेलात वॉचमन. सकाळी हेच शिकाले जात होतो. तालमीत मार खाल्ला, दिला बी. मंग एकदा नाव लागलं माहं. सामन्याच्या आदल्या दिवशी बाबा आले, बपेऱ्याहून, आमच्या गावून. धानाचा रोवणा सुरू झाला होता. रोपायचे पऱ्हे वाढून राहिले होते, लावाले मानसं भेटत नव्हते, मोठा भाऊ तापानं पडला होता.  बाबा निस्ते हॉटेलच्या गेटपाशी पिशवी घेऊन उभे राहिले. मीनंच म्हटलं, चला."

"मंग?"

"मंग काय. धान रोवला. पुढच्या साली बी रोवला. मंग लग्न, मंग कारखाना. वय निघून गेलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रागानं नाही सांगून राहिलो, ताई. त्या साली धान लय चांगला झाला होता."

 इतकी वर्षं वरठीतली पोरं-पोरी त्यांनी रिंगमध्ये चढवल्या होत्या, आणि ते स्वतः दोरीच्या बाहेर उभे होते. कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

गाडी शहराबाहेर पडली. सरांनी घसा साफ केला. आवाज एकदम खाली आणला.

"एक विचारू का, ताई? पोरी लहान राहतात, त्यायले विचाराले मले लाज वाटते. नाकावर बसला तवा... कसं वाटलं?"

मग मी सांगायला लागले. घंटा वाजल्यावर दिव्यांचा उजेड किती पांढरा वाटला, त्या पोरीच्या तोंडाला वेलचीचा वास होता, ठोसा बसल्यावर आधी दुखलंच नाही, नुसता मोठा आवाज झाला, दुखणं मागाहून आलं. सर दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवून ऐकत होते, मध्येच मान हलवत होते.

"अन् लोकायचा आवाज येते का आतमधी?"

"नाही येत, सर. ह्यायचा घसा बसला ओरडून, पण मले काहीच ऐकू नाही आलं. एकच आवाज येत होता."

"कोणाचा?"

"तुमचा."

सरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. कंडक्टर आला, त्यानं हाक मारली तरी सर वळले नाहीत, म्हणून मीच वरठीची दोन तिकिटं काढली. बाहेर शेतातल्या कापलेल्या धानाच्या बांध्या मागे जात होत्या. तसंच बाहेर पाहत सर म्हणाले, "मंग? दुसऱ्या राउंडमधी काय झालं?"

दुसऱ्या राउंडमध्ये ते माझ्या कोपऱ्यात होते, हातभर अंतरावर. जे झालं ते सगळं त्यांनी पाहिलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.