हरवलेल्या मुलापासून पाच पावले

बालसुरक्षा कार्यालयाला पंचाहत्तर वर्षं झाली, म्हणून कार्यालयाची पहिली पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा छापायचं ठरलं. काम आलं लेखनिक बाईंकडे, कारण बाकी सगळे समितीत होते.

जुने नियम ऐकताना समितीची हसून मुरकुंडी वळली. ‘शिशाचे सैनिक चोखू नयेत, चोखल्यास चूळ भरावी.’ ‘चालत्या मोटारीत पुढच्या सीटवर उभे असताना वडिलांचे डोळे झाकू नयेत.’ ही माणसं जगली तरी कशी, असं साहेब डोळे पुसत म्हणाले. त्यांतल्याच एकाने साहेबांना लहानाचं मोठं केलं होतं, हा विषय कुणी काढला नाही.

मग सातवा नियम आला. ‘हरवल्यास रडू नये. जवळच्या कोणत्याही काकूंना सांगावे. त्या घरी पोचवतील.’

इथे मात्र सगळे गंभीर झाले. या काकू कोण? त्यांना नेमलं कुणी? ‘पोचवतील’ ही कार्यालयाची हमी समजायची का? लेखनिक बाईंनी चाचरत सांगितलं, की त्यांची आठ वर्षांची धाकटी शाळेतून कार्यालयापर्यंत दोन गल्ल्या एकटी येते, ती याच नियमाच्या भरवशावर.

“बाई,” कायदा सल्लागार मायेने म्हणाले, “काकूंच्या मनात काय असतं, ते तुम्हाला काय ठाऊक?”

बाई स्वतः अख्ख्या गल्लीच्या काकू होत्या. तरी क्षणभर त्यांना स्वतःचाच संशय आला.

तीन बैठकांनंतर सुधारित नियम निघाला. हरवलेल्या मुलाने जागचे हलू नये, बोलू नये, कुणाला ओळख देऊ नये. नागरिकांनी पाच पावले दूर राहून फोटो काढावा व कार्यालयाच्या ग्रुपवर टाकावा. कार्यालय ग्रुप रोज सकाळी अकराला उघडून पाहील. शाळांनी हे सगळं मुलांकडून घोकून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात त्या दोनांतली एक गल्ली खोदली गेली. धाकटी दुसऱ्या वळणाने गेली आणि चुकली. पाच वाजले तरी पोर येईना, तशा बाई कार्यालयातून बाहेर पडल्या. दीड तास त्या रस्तोरस्ती धावत होत्या.

पोर सापडली शिंप्याच्या दुकानापुढे. भोवती पाच पावलांवर माणसांचं नेटकं कडं. शिंप्याच्या बायकोने पाण्याचा पेला ठेवला होता, तोही पाच पावलांवर. पोर नुसती पेल्याकडे बघत होती.

बाई कडं फोडून आत घुसल्या.

“मॅडम, अंतर ठेवा,” मागून कुणीतरी दटावलं.

“अहो, आई आहे मी तिची.”

“सगळ्या असंच म्हणतात. काय गं, ओळखतेस का यांना?”

धाकटीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले.

बाईंनी तिला उचललं, पेला तिच्या तोंडाला लावला आणि चालू पडल्या. तेवढ्यात फोटो निघाला आणि ग्रुपवर पडला. ‘सावधान! अनोळखी बाईने मूल पळवले.’ त्याखाली दोनशे बारा जणांनी अंगठा उठवला. आपला कितवा, ते ज्याचं त्याने मोबाइल उघडून पाहावं.