दीड इंचाचा डोंगर

या, बसा असे टेकून. पाय पसरायचे तर पसरा, आपल्यात कसला आलाय संकोच. टेलरमामांच्या डोंगराची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मामांनी दीड इंचापायी काय सोसलं ते आधी पुरतं ऐकून घ्या.

सुरुवात झाली एका थापेनं. मामांच्या लेकीचं लग्न ठरत होतं. व्याही म्हणजे शाळेतले कवायतीचे सर, नुकतेच रिटायर झालेले. ताठ मान, गळ्यात अजून शिट्टी. सगळे त्यांना ड्रिलसर म्हणायचे. बोलता बोलता ते म्हणाले, "माणसानं चालत राहावं." मामांनाही काहीतरी बोलायची हौस. बोलून बसले, "मी तर रोज सकाळी दोन तास चालतो!" आता खरं सांगायचं तर मामा बागेतल्या पहिल्या बाकापर्यंत चालायचे. उरलेला वेळ बाकावर.

लग्न होऊन सहा महिने झाले आणि एक दिवस लेक दुकानात हजर. हातात तीन कागद, तीन जागांचे नकाशे.

"बाबा, आपण दोन्ही घरं मिळून डोंगरावर कॅम्पला जायचंय. तंबूत राहायचं, जवळपास ट्रेक करायचा. जागा तुम्ही निवडायची."

"मी कशाला? तुझ्या सासऱ्यांना विचार."

"तेच म्हणाले. रोज दोन तास चालणाऱ्या माणसालाच पायवाटेतलं कळतं म्हणे. आणि बाबा, मीही तिकडे सांगून बसलेय, माझे बाबा थकतच नाहीत. तेवढी माझी लाज राखा."

लेक गेल्यावर त्यांनी कापायच्या टेबलावर तिन्ही कागद पसरले आणि गळ्यातला टेप काढला. पहिला कॅम्प तळ्याकाठी. पायवाट तळ्याला वळसा घालून जाणारी. मोजली तर सात इंच. "मरायचंय का?" म्हणून मामांनी तो कागद बाजूला सारला. दुसरी साडेपाच इंच. तोही गेला. तिसऱ्या नकाशात मात्र तंबूच्या खुणेपासून धबधब्यापर्यंत फक्त दीड इंच! वर सगळीकडे तपकिरी बारीक रेघा, एकीला एक चिकटून.

"या रेघा कसल्या हो?" मामी काज करता करता म्हणाल्या. "कुणाला तरी विचारा."

"झाडी आहे ती. रेघा दाट तिथे सावली दाट. तीस वर्षं रेघा मारून कापतोय मी, मला रेघा शिकवतेस?"

झालं. ठरला तिसरा कॅम्प.

जागा होती बाकी झकास. ओढ्याकाठी हिरवळ, तंबूला सपाट जमीन, पाणी गार. लेक आणि जावई तंबू ठोकायला थांबले. मामा-मामी, ड्रिलसर आणि विहीणबाई धबधब्याला निघाले. चौघांचे डबे सरांच्या खांद्यावरच्या पिशवीत. ही पिशवी मामांनीच लग्नात शिवून दिलेली. देताना म्हणाले होते, "व्याही, मी जाईन पण ही शिवण जाणार नाही."

पहिल्याच वळणावर मामांनी वर बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. वाट भिंतीसारखी उभी! तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्या रेघा म्हणजे झाडीबिडी काही नाही, चढ होता. देवानं डोंगराला चुण्या घातल्या होत्या. कमरेला दीड इंच दिसणारं कापड उलगडलं की किती वार निघतं, हे मामांना सोडून कुणाला कळायला हवं होतं?

दोघी विहिणी गप्पा मारत, ना धाप ना घाम, पुढे सटकल्या. मागे हे दोघे.

"वा, व्याही, जागा निवडावी तर तुम्हीच!" सर म्हणाले.

"सोपीच... घेतली... जरा," मामा म्हणाले. मधे मधे श्वास घ्यायला लागत होता.

मग मामा थांबायला निमित्तं शोधायला लागले. एकदा पक्षी दाखवला, तो नव्हताच. एकदा बुटातला खडा काढला, तोही नव्हता. आता निमित्तंही संपली. इथे बसलो तर लेकीची मान खाली जाणार, आणि नाही बसलो तर आपण खाली जाणार.

इतक्यात सर नाडी बांधायला वाकले. पिशवी खाली ठेवलेली. मामांच्या खिशात दोरे कातरायची छोटी कात्री कायम असते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पट्ट्याचे दोन टाके कातरले. बेत साधा होता. "व्याही, पट्टा उसवतोय, बसा, शिवून देतो," म्हणायचं आणि अर्धा तास शिवत बसायचं.

पण मामांनी तोंड उघडायच्या आत सरांनी पिशवी खांद्यावर टाकली, फट्‌कन पट्टा सुटला आणि पिशवी निघाली गडगडत. एक वळण, दुसरं वळण, दिसेनाशी!

मामा जागीच थिजले. दोन टाक्यांत शिवण गेली? तीस वर्षांचं नाव डब्यांसकट दरीत?

वरून मामी ओरडल्या, "काय हो झालं?"

"डबे खाली गेले!"

"मग आणा जाऊन! आम्ही धबधबा बघून येतो."

दोघे वाटेच्या कडेनं शोधत खाली उतरले. पिशवी कॅम्पजवळच्या झुडपात अडकलेली सापडली. मामांनी आधी पट्टा हातात घेतला. आणि बघतात तो काय, त्यांनी कातरलेलं टोक शाबूत! दोन टाके जाऊनही घट्ट धरून बसलेलं. सुटलं होतं दुसरंच टोक.

मामांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी ते दुसरं टोक डोळ्यांजवळ नेलं. "व्याही, ही शिवण तुटलेली नाही. कापलीय. ब्लेडनं."

सरांनी कान खाजवला. "सकाळी घरून निघताना... थोडीच कापली होती हो. म्हटलं वाटेत तुटली तर परत फिरता येईल. गुडघे गेलेत माझे."

"पण तुम्ही तर ड्रिलचे सर!"

"तीस वर्षं मी शिट्टी वाजवली, व्याही. पळत होती ती पोरं."

मामा मटकन हिरवळीवर बसले आणि पोट धरून हसले. सरही बूट काढून आडवे झाले. ओढ्यात पाय सोडून दोघांनी डबे उघडले. मामांनी बागेतल्या बाकाचं सगळं खरं सांगून टाकलं.

"आणि या टोकाचे दोन टाके?" सरांनी पट्टा फिरवून विचारलं.

"उंदीर असेल," मामा म्हणाले आणि त्यांनी सरांना लोणचं वाढलं.

दोघी खाली आल्या त्या चालून लालबुंद, खूश. "उद्या धबधब्याच्याही वर जाऊ," मामी म्हणाल्या. सर लगेच म्हणाले, "जा की! आम्ही पिशवी शिवायला थांबतो."

तेव्हापासून दर वर्षी दोन्ही घरं कॅम्पला जातात, आणि दर वर्षी ती पिशवी शिवायची असते. एरवी ती मामांच्या दुकानात खुंटीवर असते, एका टोकाला दोरे लोंबत. तुम्ही कधी पँट आखूड करायला गेलात तर दिसेलच. तेवढी एक विनंती आहे. मामी समोर असताना "मामा, ही शिवायची राहिली का हो?" असं विचारू नका.