काटे काढून वाढलेलं जेवण

आमचे शेजारी तात्या जेवायला बसण्याआधी दाराची कडी काढून ठेवत. कुणाच्या घशात माशाचा काटा अडकलाच, तर शेजाऱ्यांना धावत आत येता यावं म्हणून. शेजारी म्हणजे मी. त्यामुळे त्यांच्याकडे ताटं वाढली की मीही उगाच चपला घालून बसे.

'सांगता येत नाय' हे त्यांचं पालुपद. रत्नागिरीला जाताना एसटीत ते 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या खिडकीशीच बसत. आंबे काढायला गडी कलमावर चढला की हे खाली हात पसरून उभे. एकदा मी म्हटलं, तात्या, तो अंगावर पडला तर तुम्हीच जाल. तेव्हापासून ते चार पावलं लांब उभे राहू लागले, पण हात पसरूनच.

असा माणूस परक्या मुलखातल्या पोराला घरी जेवायला आणेल, असं कुणाला वाटलं नसतं. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल, थंडीचे दिवस. हॉलंडचा पीटर सायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघाला होता. फाट्यावर एकटाच कोरडा पाव चावत बसलेला तात्यांना दिसला, आणि ते त्याला हाताला धरून घेऊन आले. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून दुभाष्या मी.

आणला आणि मग घाबरले. प्यायचं पाणी उकळलं, गाळून पुन्हा उकळलं. दुपारी घर सोडू नको, असा कंपाउंडरला निरोप गेला.

"मास्तर, गोऱ्याचं पोट. सांगता येत नाय. काय झालं तर त्याच्या आवशीला काय तोंड दाखवू?"

भीती सांसर्गिक असते. मला पोलीस आणि पंचनामा दिसू लागला.

त्या घरातली खरी भीती मात्र वेगळीच होती. तात्यांचा एकुलता एक दिनू बोटीवर नोकरीला होता, आणि गणपतीपासून त्याची काही खबर नव्हती. बोट कुठल्या मुलखात आहे हे कुणालाच नीट सांगता येईना. त्याचं नाव तिथे कुणी काढत नसे. मीही नाही.

तात्यांच्या बायकोने, वहिनींनी, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण केलं होतं. तात्यांनी पीटरचं ताट स्वतःपुढे ओढलं, एकेक तुकडा बोटांनी चिवडून काटे काढले, आणि उरल्यासुरल्यावरून पुन्हा बोट फिरवलं. सुरमईचा पार लगदा झाला. पीटरने तो चाटूनपुसून खाल्ला, वर सोलकढीची वाटी तोंडाला लावली आणि त्याला जोराचा ठसका लागला.

तात्या ताडकन उठले. वहिनी देवाकडे धावल्या, मी दाराकडे. पीटरचा चेहरा लालबुंद झाला. मग डोळे पुसत तो हसला आणि रिकामी वाटी पुढे केली. त्याला आणखी हवी होती. तात्या मटकन खाली बसले. स्वतःच्या ताटाला त्यांनी हातही लावला नाही.

पीटर निघाला तेव्हा तात्यांनी तुळशीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. प्रत्येक मागण्यानंतर आपण सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, एवढं मी पीटरला पढवलं. त्याला ते फार आवडलं.

"बा म्हाराजा, ह्यो पोर तुज्या मुलखातनं चाललाय. घाटात त्याची सायकल सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"इच्चूकाट्यापासनं, उलटी-जुलाबापासनं, एसटीच्या डायवरापासनं त्याला राख."

"व्हय म्हाराजा." पीटरचा आवाज सगळ्यात मोठा.

तात्या थांबले. संपलं असं वाटून मी वाकलो, तेवढ्यात ते हळूच बोलले.

"आन् आज जसा ह्यो माज्या दारात जेवला, तसा माजा दिनू जितं कुटं आसंल तितं कुनाच्या तरी दारात पोटभर जेवू दे, म्हाराजा."

मी वाकलेलाच राहिलो. वहिनींनी पदर तोंडात धरला. पीटरला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. त्याने आमच्याकडे पाहिलं, आपली पाळी आली असं समजून हात जोडले, आणि एकटाच मोठ्यांदा म्हणाला, "व्हय म्हाराजा."