माझ्या झोपाळ्यावर कोण बसलंय?

माझ्यासारखी मॅनेजर अख्ख्या बावधनात शोधून सापडायची नाही! वय पंधरा, इयत्ता दहावी, वक्तृत्वात तालुक्यात पहिली, आणि हुद्दा म्हणाल तर बाबांच्या ऑफिसची 'बाहेरची कामं प्रमुख'. हुद्दा माझा मीच घेतला. बाबांनी नुसतं 'हं' म्हटलं, तेही फोनवरच्या दुसऱ्याच कुणाला. पण 'हं' म्हणजे 'हं'!

बाबा आर्किटेक्ट. प्लॅन असा काढतात की प्रत्येक रेघ इस्त्री मारल्यासारखी वाटते. पण बांधून झाल्यावर घर कसं दिसेल त्याचं रंगीत, खऱ्यासारखं चित्र, म्हणजे रेंडर, ते आमच्या जुन्या कंप्युटरवर काढायला घेतलं की तो कुकरसारखा शिट्ट्या मारतो. म्हणून ते काम आम्ही इंदूरकडच्या एका कंपनीला देतो. त्यांच्याशी बोलायचं मी. कारण त्यांची बडबड बाबांना झेपत नाही आणि बाबांचं मौन त्यांना.

तर यंदा कासार आंबोलीच्या हैबतकाकांचा बंगला मिळायची चिन्हं होती. दोन वर्षं लोकांच्या बाल्कन्या बंद करून देणाऱ्या बाबांना पहिला अख्खा बंगला! पण काकांनी बजावलं होतं, "चित्र आमच्या हिला आवडलं तर काम तुमचं. न्हाईतर हिंजवडीचा बिल्डर दारात उभाच हाय."

पहिलं चित्र आलं. रंभाकाकूंनी चष्मा लावला. काढला. पुसला. परत लावला.

"ही कोण बया?"

घरापुढच्या ओट्यावर सोनेरी केसांची एक गोरीपान बाई बिनबाह्यांच्या झग्यात कॉफी पीत बसली होती. पायाशी वासराएवढा कुत्रा.

"काकू, ती खोटी आहे. घर केवढं ते कळावं म्हणून माणसं टाकतात."

"मंग माजी मानसं काय गाव सोडून गेली? माज्या घरात माजीच मानसं दिसाय पायजेत!"

हैबतकाका त्या बाईकडे जरा जास्तच वेळ बघत होते. काकूंचं कोपर बरगडीत बसलं, तेव्हा म्हणाले, "व्हय, व्हय. आपलीच पायजेत."

एवढंच ना! जमिनीची मोजणी झाली त्या दिवशी मी बाबांबरोबर गेले होते आणि ढीगभर फोटो काढले होते. त्यात एक आजोबा सापडले. काय रुबाब! पांढरा फेटा, आणि मिशा अशा की त्यांना वेगळं आधार कार्ड लागेल! बांधावर हाताची घडी घालून, टेपकडे टक लावून उभे. घरातले थोरलेच असणार. नाहीतर एवढ्या काळजीने टेप कोण बघतं? मी कंपनीला फोटो पाठवले आणि लिहिलं, 'ह्या आजोबांना ओट्यावर झोपाळा टाकून बसवा. हसरे, निवांत, मालकासारखे. बाकीची माणसं जमेल तशी.'

चित्र आलं तेव्हा बाबा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. मॅनेजरने वाट तरी किती बघायची? मी ते थेट काकांना पाठवलं. मोबाइलवर माणसं तिळाएवढी दिसत होती. काकांचं उत्तर आलं, 'लई भारी!' पुढे आठ अंगठे.

काका तेवढ्यावर थांबले असते तर! पण भूमिपूजन तोंडावर आलेलं. त्यांनी ते चित्र फ्लेक्सवाल्याला दिलं आणि गावाच्या फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लावून टाकला!

सकाळी सातला फोन. "सायेब, पोरीला घेऊन या. आत्ताच्या आत्ता."

फाट्यावर जत्रा भरलेली. काका कमरेवर हात ठेवून उभे.

"पोरी, माज्या झोपाळ्यावर कोण बसलंय?"

"तुमच्या घरातले थोरले... ना?"

"भिवाजी हाय त्यो! माजा चुलतभाऊ! बांधावरनं नऊ वर्सं बोललो न्हाई आमी! मोजणीला आलता त्यो, टेप त्याच्या रानात सरकंल म्हून!"

मी वर बघितलं. बांधावर कपाळाला आठ्या घालून उभे असलेले आजोबा फ्लेक्सवर बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत झुलत होते. दात कंपनीने पदरचे घातले होते.

"मग काका, तुम्ही कुठे आहात?"

"त्यो काय, मागं. आंब्याखाली. झाडास्नी पाणी घालतोय!"

गर्दीतून गेणबातात्यांनी हाळी दिली, "हैबता, भिवाजीकडं माळी म्हून लागलास व्हय? झाडं मातुर झ्याक राखलीस बघ!"

हशा असा उठला की फाट्यावरची कुत्री पळाली. खूश होत्या एकट्या रंभाकाकू. चित्रात त्या दारात उभ्या होत्या आणि निदान वीस वर्षांनी तरुण दिसत होत्या.

"उतरवा त्यो फ्लेक्स!" काका गरजले. "आन सायेब, तुमचं काम..."

बाबांचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला. तेवढ्यात गर्दी दुभंगली. खुद्द भिवाजी आजोबा! आजोबांनी मान वर केली. बघत राहिले. खूप वेळ.

"हैबत्या," ते म्हणाले, "मला झोपाळ्यावर बसवलंस? आन सोता झाडास्नी पाणी घालतोयस?" फेट्याच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले. "येवढं थोरलेपण माज्या पोरांनी बी दिलं न्हाई रं."

काकांचा आ वासलेला तसाच! काकूंचं कोपर पुन्हा बरगडीत.

"ह्येंनीच सांगितलं तसं, भावजी. म्हनले, वडीलधारं मानूस ओट्यावर पायजे. आन फ्लेक्स काय उतरायचा न्हाई हां!" हे शेवटचं वाक्य दारातल्या स्वतःकडे बघत.

"व्हय," काका म्हणाले. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "म्याच सांगितलं."

आजोबांनी त्यांना मिठी मारली. गेणबातात्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मिठीतूनच बाबांकडे बघितलं. "सायेब, काम तुमचं. पन घर हुबेहूब चित्रावानी पायजे. झोपाळा तर पायजेच. आता गावादेखत शब्द गेला."

परतताना पिरंगुट मागे पडलं. मी म्हटलं, "बघा! मिळाला की नाही बंगला?"

बाबांनी गाडी बाजूला घेतली.

"किमू, माझ्या प्लॅनमध्ये ओटा किती रुंद आहे?"

"किती?"

"चार फूट. झोपाळा एकदा हलला की भिवाजीराव पुढे गेले तर रस्त्यावर, मागे आले तर भिंतीत."

"मग ओटा मोठा करा ना."

"पुढे रस्ता आहे. मोठा करायचा तर अख्खं घर मागे सरकवावं लागेल."

"सरकवा की! त्यात काय? मागे काय आहे?"

"मागे बांध आहे," बाबा म्हणाले. "भिवाजीरावांचा."