गाडी लागली

हिंगोलीच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम उत्तमराव सकाळपासून एकच प्रश्न विचारत होते: खताची मालगाडी हिंगोलीला लागणार की बसमतला? धक्क्यावरच्या रेल्वेच्या बाबूलाही ठाऊक नव्हतं. गाडी लागेल तिथं जो मुकादम आधी नाव सांगेल, त्याच्या टोळीला काम. मागची दोन्ही कामं मकबूलभाईच्या टोळीनं नेली होती. तिसरंही गेलं, तर तीसच्या तीस हमाल मकबूलकडे जाणार होते.

उत्तमरावांची बायको रूपाबाई माहेरून पॅसेंजरनं परतत होती. नऊच्या सुमारास ती बसमतला असणार, असा अंदाज बांधून त्यांनी फोन लावला.

"गाडी लागली का गं?"

"लागली ना. बसमत आलं अन् लागलीच."

"बराबर लागली?"

"लई लागली."

फोन तुटला. तीस हमाल टेम्पोत चढले.

"उत्तमराव काहून पळून राहिला?" मकबूलभाईनं आपल्या टोळीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टेम्पो मागे लावला.

तासाभरानं दोन्ही टोळ्या बसमतला पोचल्या. रुळांवर एक बकरी होती.

"गाडी कुठं हाय?" मकबूलभाई म्हणाला.

"तुमी कशाला आलात?"

"तुमी आलात म्हणून."

उत्तमरावांनी पुन्हा फोन लावला, स्पीकरवर. "रूपे, गाडी लागली कुठं?"

"पोटात, डोक्यात, समद्या अंगात. मंग मालगाडीला पुढं काढाया आमची गाडी उभी केली, तवा बरं वाटलं. आता हिंगोलीत उतरले."

"मालगाडी कुठं गेली?"

"हितंच धक्क्यावर हाय. हमाल एक बी न्हाई. तुमी कुठं हाव?"

"बसमतला. तूच म्हणलीस, लागली म्हणून."

"अवो, मला लागली."

हे ऐकताच मकबूलभाई टेम्पोकडे धावला.

"मेलो," उत्तमराव म्हणाले.

"या तुमी. मी बघते."

परतताना मकबूलचा टेम्पो चार मिनिटं आधी पोचला. पण बाबू म्हणाला, "काम दिलं मघाशीच. मुकादम त्या तिथं बसल्यात."

धक्क्याच्या सावलीत रूपाबाई बसली होती. पाठोपाठ उत्तमराव धापा टाकत आले. बाबूनं त्यांना ओळखत असूनही खालीवर न्याहाळलं. मुकादम म्हणून रूपाबाईचं नाव तर आधीच सांगून झालं होतं.

"हे कोण, बाई?"

"माजाच माणूस हाय," रूपाबाई म्हणाली. "लावा कामाला."